दादाला न सांगितलेलं

माझ्या मुलीला काही झालं की ती आधी माझ्या थोरल्या भावाकडे जायची. कळंबला आमची दोन घरं एकाच अंगणात. मी समोर ओट्यावर बसलेला असलो, तरी हाक "काका" अशीच यायची.

मागच्या उन्हाळ्यात तिचं पोट दुखायला लागलं, उलट्या झाल्या. मी म्हणालो, बेंबी सरकली असंल. आमच्याकडे असं झालं की तेल लावून पोट चोळतात. आई तेलाची वाटी घेऊन बसलीसुद्धा. तेवढ्यात दादा आला. त्याच्या मुलाचं अपेंडिक्स आदल्या वर्षी काढलेलं, तेव्हापासून पोटाचं सगळं त्यालाच कळायचं.

"हात लावू नका! अपेंडिक्स हाय. चोळलं तर फुटंल."

"तू काय डॉक्टर हाय का?"

"न्हाई. पण तुझ्यापरीस बरा हाय."

आई हसली. मुलीने त्याच्याच गळ्यात हात टाकले. त्याने तिला उचलून गाडीत बसवलं आणि मी चपला शोधत मागून गेलो.

नारायणगावच्या दवाखान्यात डॉक्टरांनाही अपेंडिक्सच वाटलं. तिला ऑपरेशनला आत नेलं. बाहेर दादा येईल त्या पाहुण्याला सांगत होता, "म्या बघितल्या बघितल्या वळाखलं." तो चहा आणायला गेला, तेव्हा डॉक्टर बाहेर आले.

"अपेंडिक्स चांगलं आहे," ते म्हणाले.

दादा चुकला! मुलगी कशी आहे हे विचारण्याआधी मला आनंद झाला.

आतड्याच्या पडद्यात पाण्याची मोठी गाठ होती, मुलांमध्ये ती क्वचितच सापडते; ती काढली, मुलगी बरी आहे, असं त्यांनी सांगितलं. मग विचारलं, "पोट चोळलं नाही ना? बरं केलंत. गाठ फुटली असती तर अवघड होतं."

दादा चहा घेऊन आला. मी म्हणालो, "अपेंडिक्स नव्हतंच. गाठ व्हती."

त्याचा चेहरा उतरला. "मंग माझ्या नादानं पोरीचं काय वाईट तर न्हाई ना झालं?"

मी कप हातात घेतला. "काय म्हाईत," म्हणालो.

मुलगी आता ठणठणीत आहे. दादा मात्र तिने काही विचारलं की म्हणतो, "मला इचारू नगं. मला त्यातलं काय कळत न्हाई. बापाला इचार."

आणि ती माझ्याकडे येते. मी तिला जवळ घेतो. समोर दादा दिसत असतो, आणि डॉक्टर काय म्हणाले ते मी त्याला अजूनही सांगितलेलं नाही.