कॅम्प चारचं पाणी

आमची पलटण सरहद्दीवर होती, तेव्हा पाण्याची ड्युटी हवालदार मिलिंद जाधवकडे होती. ओढ्याचं पाणी गाळायचं, क्लोरीन टाकायचं, तपासायचं, मगच पिऊ द्यायचं. जवान कुरकुरायचे, "चहालाही औषधाचा वास!" तो म्हणायचा, "हगवण लागली की कळेल." मी त्याचा सुभेदार. असला चिवट माणूस दुसरा पाहिला नाही. फार जीव होता माझा त्याच्यावर.

रिटायर झाल्यावर दोघं उल्हासनगरला, कॅम्प चार नावाच्या वस्तीत, एकाच गल्लीत राहायला आलो. इथे पाण्याची लाइन नाल्यातून जाते. पाणी जेमतेम तासभर. आलं रे आलं की घरोघर लाइनला मोटर लागते. गेल्या उन्हाळ्यात गल्लीत कावीळ पसरली. शेजारच्या सिंधी लच्छूभाईंची सून कविता पोटुशी होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हिला झाली तर दोन्ही जिवांचं अवघड आहे."

मिलिंद नाल्यात उतरून लाइन बघून आला.

"सुभेदारसाहेब, जॉइंट फुटलाय. मोटर ओढते तेव्हा नाल्याचं पाणी आत घेते. आपल्याच हाताने घाण पितोय आपण."

क्लोरीनच्या बाटल्या घेऊन तो दारोदार फिरला. लोक आधी पाण्याचा तांब्या पुढे करायचे आणि हा गटागटा प्यायचा. मी भडकलो. "अरे गाढवा, तूच न तपासलेलं पितोस?"

"साहेब, माझ्या आजोबांच्या हातात गावात कुणी तांब्या दिला नाही. इथे सगळे देतात. नाही म्हणवत नाही."

मी कपाळावर हात मारला.

पुढे त्याचेच डोळे पिवळे झाले. तरी पाण्याच्या वेळेला काठी टेकत लच्छूभाईंच्या दारात हजर. "मोटर बंद करो."

"अरे साईं, फिर ऊपर पानी चढेगा कैसे?"

"हम बाल्टी से चढाएंगे. बहू को बचाना है ना?"

लच्छूभाईंनी बटण बंद केलं. मग स्वतःच ओरडून ओरडून सगळ्या गल्लीच्या मोटरी बंद करवल्या. जॉइंट बदलेपर्यंत आम्ही म्हाताऱ्यांनी जिन्यावरून बादल्या वाहिल्या. कविताला मुलगी झाली. दोघी ठणठणीत.

मिलिंदला ती पाहायला मिळाली नाही. त्याआधीच तो हॉस्पिटलमध्ये वारला. मी ढसाढसा रडलो, लपवायचं काय त्यात!

पलटणीच्या रेझिंग डेला, म्हणजे स्थापनादिनी, आम्हा रिटायर झालेल्यांनाही बोलावतात आणि शहिदांची नावं वाचतात. यंदा वाचून संपली, तेव्हा मी उभा राहिलो.

"हवालदार मिलिंद जाधव."

पलटणीचे प्रमुख सीओसाहेब, त्यांनी विचारलं, "कौनसी पोस्ट, साब?"

"कॅम्प चार, उल्हासनगर."

मी सगळं सांगितलं. सीओसाहेबांनी टोपी नीट केली आणि सगळ्या पलटणीला 'सावधान'चा हुकूम दिला.