काजळाची डबी

रक्तदाब तपासून घ्यायला मी गावाच्या उपकेंद्रात बसले होते. समोर वजनकाट्याची झोळी टांगलेली. एक तरुण आई बाळाला छातीशी धरून उभी होती, झोळीत काही ठेवेना.

"सासूबाई म्हणतात, वजन केलं की दृष्ट लागते," ती हळूच म्हणाली.

नर्सबाईंनी वाद घातला नाही. लशींच्या डब्याशेजारची काजळाची डबी उघडून त्यांनी बाळाच्या तळपायाला तीट लावली. "आता ठेवूया?" बाळ झोळीत गेलं. वजन झालं, लसही टोचून झाली.

माझी लेक दोन महिन्यांची असताना आम्ही तिला शहरातल्या दवाखान्यात नेलं होतं. माझ्या आईने स्वतः ओवलेल्या काळ्या मण्यांच्या मनगट्या तिच्या हातांत होत्या. "काय हा अडाणीपणा," म्हणत तिथल्या बाईंनी त्या कात्रीने कापून कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. मी शिकलेली, मी गप्प राहिले. रिक्षात घरापर्यंत आईने बाळाचं मोकळं मनगट मुठीत धरून ठेवलं होतं. त्यानंतर ती कधी दवाखान्याची पायरी चढली नाही, स्वतःच्या शेवटच्या दुखण्यातही नाही.

आज असती, तर तिला नुसतं या बाकावर आणून बसवलं असतं.

माझा नंबर आला. नर्सबाईंनी नाडी बघायला माझं मनगट धरलं. त्यांचं बघून झालं, तरी मला ते सोडवून घ्यावंसं वाटेना.