लाहीला लागलेला टीका

आमच्या सुनीतीवहिनी कधी बसलेल्या आहेत, असं फारसं कोणी पाहिलेलं नाही. जेवतानासुद्धा त्यांचा एक पाय उठायच्या तयारीत असतो. आई म्हणायची, मोठी सून पायाला भिंगरी बांधूनच आली. सगळी नोकरी सरकारी नर्स म्हणून गेली, आणि ती नोकरी म्हणजे खांद्याला लसींचा थंड डबा अडकवून रायपूरच्या पारापारांतून, म्हणजे मोहल्ल्यामोहल्ल्यांतून, हिंडायचं आणि दिसेल त्या लेकराला टोचायचं. तात्यापाऱ्यातून बूढ़ापाऱ्यात जायचं तरी मला रिक्षा लागते, आणि या बाई भर उन्हात तेवढं तीनदा चालून परत माझ्याच अंगावर खेकसायच्या की, भाऊजी, पोट सुटलं तुमचं.

त्यांचा एक खाक्या होता. कोणी आई म्हणाली, टीका लग गया है, की या मान डोलवायच्या आणि तरीही बाळाचं झबलं सरकवून दंडावरची खूण स्वतः बघायच्या. मी एकदा म्हटलं, वहिनी, माणसाच्या शब्दावर थोडा विश्वास ठेवावा. त्या म्हणाल्या, "तोंडाचं काय घेऊन बसले भाऊजी? तोंड खोटं बोलते. दंड नाही बोलत."

आता हा टीका शब्द. पुण्यामुंबईकडचे लोक त्याला लस म्हणतात, आणि टीका म्हणजे दुसऱ्याला नावं ठेवणं. त्या अर्थीही वहिनी तरबेजच आहेत. पण रायपुरात पिढ्या काढल्यावर लस कोण म्हणतो? आमच्या घरात सुईचा तो टीका, आणि कपाळावर लावायचं ते कुंकू. दोन्ही शब्द आपापल्या जागी सुखाने नांदत होते. पुढे जे झालं त्यात या दोन शब्दांचा फार मोठा हात आहे, म्हणून सांगून ठेवतो.

निवृत्त झाल्यावर वहिनींना टोचायला कोणी उरलं नाही. मग घरातच येरझाऱ्या सुरू झाल्या. स्वयंपाकघर, गच्ची, जिना, पुन्हा स्वयंपाकघर. माझा मोठा भाऊ नीलकंठदादा वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणायचा, "अवं, चालून तू राहिली अन् बीपी माझा वाढून राहिला." मी वरच्या मजल्यावर एकटा राहतो. मलाही त्यांच्या पावलांनी झोप लागेना.

होळी आटोपली आणि वहिनी पडद्याचं कापड घ्यायला पंडरीच्या कापडबाजारात गेल्या. तिथे एका दुकानात कापडाची थानं घड्या करून ठेवणारी अंजनाबाई नावाची बाई आहे. दुकानामागे तिने पाळलेल्या कुत्रीला पिल्लं झाली होती. त्यातल्या एका पांढऱ्या पिल्लाने वहिनींचा पदर तोंडात धरला तो सोडेचना. पडद्याचं कापड राहिलं बाजूला. दुसऱ्या दिवशी वहिनी मला स्कूटरवर मागे बसवून पिल्लू आणायला गेल्या. अंजनाबाईने ते नव्या कापडाच्या तुकड्यात गुंडाळून माझ्या मांडीवर ठेवलं आणि वहिनींना म्हणाली, "टीका लगा दिए हैं दीदी, ले जाओ."

वहिनी वाटभर तिचं कौतुक करत होत्या. बघा, कापड दुकानात राबणारी बाई, पण समज केवढी. घरी आल्यावर पिल्लाच्या कपाळावरचा लाल डाग त्यांना दिसला. कोणा मेल्याने मुक्या जनावरालाही रंग फासला, असं म्हणत त्यांनी ओल्या फडक्याने तो चोळून काढला. होळी नुकती झालेली, कोणाला काय शंका येणार?

पिल्लाचं नाव दादाने ठेवलं, लाही. तापल्या कढईतल्या लाहीसारखी ती घरभर उडायची. पण दमली की थेट वहिनींकडे यायची आणि त्यांच्या पावलावर हनुवटी टेकून झोपायची. आणि मग नवलच. वहिनी उठायच्या नाहीत. दूध उतू गेलं तरी म्हणायच्या, भाऊजी, गॅस बंद करा, ही झोपली आहे. जे सासूला जमलं नाही, नवऱ्याला जमलं नाही, ते पसाभर पिल्लाने केलं. मी खरंच सुखावलो. घरात शांतता आली होती.

ती फार टिकली नाही. एका सकाळी लाही आलीच नाही. पाटाखाली पडून होती, तोंडाजवळ पिवळी ओकारी. दूध नाही, पाणी नाही. वहिनींनी तिला उचललं आणि अनवाणीच जिना उतरल्या. चपला मी हातात घेऊन मागे धावलो.

जनावरांची डॉक्टर म्हणजे देवश्री. आपल्याच मराठी घरातली पोट्टी, पण हिच्याशी मराठीत कितीही बोला, उत्तर हिंदीतच यायचं. तिने पोट दाबून पाहिलं आणि विचारलं, टीका लगा है न, आंटी? वहिनींनी छातीठोकपणे सांगितलं की लागला आहे, सांगूनच दिलं होतं. मग पोट बिघडलं असेल, असं म्हणत देवश्रीने औषध दिलं आणि उतार पडला नाही तर लगेच आणा म्हणाली.

तो दिवस कसा गेला सांगवत नाही. वहिनी चमच्याने पाणी पाजत होत्या, उठत होत्या, दारापर्यंत जात होत्या, परत येत होत्या. दादा उगाच गच्चीवर जाऊन झाडांना पाणी घालत होता, आदल्या संध्याकाळी घातलेलं असतानाही. माझ्या हातून कपबशी फुटली आणि मला कोणी रागावलंदेखील नाही. दुसऱ्या सकाळी लाहीला रक्ताचे जुलाब झाले.

देवश्रीने तपासणी केली. पार्व्हो निघाला. पिल्लांचा जीव घेणारा हा रोग. लाहीच्या पायात सलाइनची सुई लावता लावता ती म्हणाली, "आंटी, टीका पक्का लगा था? लगा होता तो इतना नहीं बिगड़ता."

वहिनींनी पायात चपला सरकवल्या आणि मला म्हणाल्या, चला. पंडरीपर्यंत त्यांनी स्कूटर कशी चालवली ते मी डोळे मिटून घेतल्यामुळे सांगू शकत नाही. त्यांच्या अंगाची लाहीलाही होत होती. खोटारडी, तोंडावर सांगते टीका लावला म्हणून, आता दाखवतेच तिला.

पण दुकानासमोर पोचल्यावर त्या रस्त्याच्या पलीकडेच थांबल्या. आत बाकीची पिल्लं होती आणि वहिनींच्या पदराला रोग होता. एवढ्या संतापातही त्यांच्यातली नर्स जागी होती. तिथूनच त्यांनी हाका मारल्या. अंजनाबाई हात पुसत बाहेर आली आणि रस्ता ओलांडून हसत विचारू लागली, आमची बेटी कशी आहे?

वहिनी तिच्यावर तुटून पडल्या. तू म्हणाली होतीस टीका लावला, मग ती मरायला कशी टेकली?

अंजनाबाईचं हसू गेलं. तिने स्वतःच्या कपाळाला बोट लावलं.

"हव दीदी, लगाए रहेंव न. कुमकुम के टीका, चाउर घलो. बेटी ला सुन्ना माथा थोरे बिदा करथें?"

कुंकवाचा टीका. वर तांदूळही लावलेले. लेकीला कोऱ्या कपाळाने कोणी पाठवतं का? तिने पोरीची पाठवणी केली होती, आणि वहिनींनी ती ओल्या फडक्याने पुसून टाकली होती.

वहिनींचा हात आपल्या टिकलीकडे गेला. त्या माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "भाऊजी, तो होळीचा रंग नव्हता." मग स्कूटर स्टँडवर लावली आणि तिच्यावरच बसल्या. मी त्यांना असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. मला भीती वाटली.

"साऱ्या रायपूरचे दंड तपासले मी. माझ्या लेकराच्या वेळेस मले विचारायचं सुचलं नाही. अन् वरून त्या डॉक्टरणीले छातीठोक सांगून आली."

 मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, जो मी इतक्या वर्षांत कधी ठेवला नव्हता. अंजनाबाई रडत होती. तिने सांगितलं, एक पिल्लू काल गेलं. दोन उरली आहेत, ती खेळतात.

खेळतात हे ऐकलं आणि वहिनी ताडकन उठल्या. देवश्रीला फोन लावला. मी शेजारीच होतो, म्हणून पलीकडचंही ऐकू आलं.

"देवश्री, चूक माझी आहे. टीका कुंकवाचा होता, सुईचा नव्हता. इथं अजून दोन लेकरं आहेत."

 मग ती पोट्टी, जिने मला कधी मराठीत साधा नमस्कार केला नव्हता, म्हणाली, "मी येते काकू. तुम्ही त्यांना हात नका लावू."

त्या दोघांना तिने तपासलं, वेळेत टोचलं, आणि ती वाचली. लाहीचं मात्र लोंबकळत राहिलं. सलाइन चालू, डोळे अर्धे मिटलेले. वहिनी दवाखान्याच्या व्हरांड्यात फेऱ्या घालायच्या. देवश्री म्हणायची, काकू, बसा. त्या म्हणायच्या, "मले बसवत नाही." घरी दादा जेवायचा नाही, आणि मी गेलो की आधी माझा चेहरा पाहायचा. अंजनाबाई दुकान सुटल्यावर यायची आणि दाराबाहेरूनच हात जोडून जायची.

एका दुपारी वहिनी टेबलापाशी उभ्या राहून सलाइनची बाटली बघत होत्या. टेबलाच्या कडेला त्यांनी हात टेकला होता. लाहीने डोकं उचललं, घसटत थोडी पुढे आली आणि त्यांच्या मनगटावर हनुवटी टेकवली. वहिनी आहेत तिथे, वाकलेल्या तशाच थांबल्या. देवश्रीने खुर्ची पुढे केली, तर डोळ्यांनीच नको म्हणाल्या. कंबर धरली, हाताला मुंग्या आल्या, पण लाही उठेपर्यंत त्या हलल्या नाहीत. मी खिडकीकडे तोंड करून रडून घेतलं.

लाही घरी आली, अंगावर मांस चढलं, दादाच्या चपला पुन्हा कुरतडू लागली. मग देवश्रीने सुईसाठी बोलावलं. निघताना वहिनींनी देवघरातली कुंकवाची कोयरी आणली आणि लाहीच्या कपाळावर बोट टेकवलं. वर दोन तांदूळ. मी म्हटलं, वहिनी, लग्नाला चाललो का? त्या म्हणाल्या, तुम्ही गप बसा भाऊजी, आणि तिला घट्ट धरा.

दवाखान्यात देवश्रीने सवयीने विचारलं, टीका लगा है?

"हव," वहिनी म्हणाल्या. "एक लागला आहे. दुसरा तू लाव."

देवश्रीने सुई भरली. वहिनींनी बाटलीवरचं नाव आणि तारीख स्वतः वाचली, मान हलवली, लाहीला माझ्या हातात दिलं आणि भिंतीकडे तोंड केलं. साऱ्या शहराच्या लेकरांना टोचलेली बाई, पण ती सुई त्यांना बघवली नाही.