बाईंना द्यायची चिठ्ठी

माझा मुलगा मिलिंद दुसरीत असताना दर दोन-तीन दिवसांनी वर्गात चड्डी ओली करायचा, आणि त्या वर्गाची बाई मीच होते.

वाशीत तेव्हा इमारती कमी आणि चिखल जास्त. शाळेत दुसरीची एकच तुकडी, त्यामुळे आईचा वर्ग चुकवायची सोय नव्हती. शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशीच मी मिलिंदला बजावलं, "घरी आई, शाळेत बाई. घरी 'तू', शाळेत 'तुम्ही'. समजलं?"

"हो बाई," तो म्हणाला. (आम्ही स्वयंपाकघरात होतो!)

"बाईंच्या पोराचे लाड चालतात" असं कोणी म्हणू नये, याची मला भारी धास्ती. म्हणून इतरांवर एकदा ओरडले तर त्याच्यावर दोनदा. न्याय म्हणजे न्याय!

जुलैत हा प्रकार सुरू झाला. मी म्हटलं, पावसाचा गारठा, होतं असं. गणपती आले, गणपती गेले, पाऊस ओसरला, तरी मिलिंदच्या बाकाखालचं तळं काही आटेना. शाळेच्या आया यमुनाबाई जवळच्याच बोनकोडे गावच्या. फडकं घेऊन आल्या की खाली वाकूनच सल्ला द्यायच्या.

"बाय, तील न गूल द्या त्याला. आमचे गावान सगली पोरा त्यानंच बरी झाली."

दिले तिळाचे लाडू. लाडवांनी तहान वाढली, म्हणून मी पाणी तोडलं. पाणी तोडल्यावर बद्धकोष्ठ झालं, आणि बद्धकोष्ठ झाल्यावर दोन-तीन दिवसांआडचा प्रकार रोजचा झाला! मिलिंदचे बाबा तुर्भ्याला कारखान्यात होते. पाळी करून आले की पेपर उघडून बसायचे. त्यांना म्हटलं, "अहो, काहीतरी बोला." पेपरामागून आवाज आला, "तुझ्या वर्गात बसवलं तर माझीही तीच गत होईल." मी दोन दिवस अबोला धरला.

इथवर हसू येतं, पण पुढचं हसण्यासारखं नव्हतं. मुलांनी बाक बदलले. मिलिंद शेवटच्या बाकावर एकटा बसू लागला. रविवारी संध्याकाळ झाली की जेवायचा नाही, दप्तर बघून डोळ्यांत पाणी. एके दिवशी मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावलं. "बाई, सहामाहीपर्यंत वाट बघू. नाहीतर यंदा त्याला घरीच ठेवा, पुढच्या वर्षी पुन्हा दुसरीत बसवू." घरी येऊन मी मिलिंदवर तोंडसुख घेतलं.

"अरे, तोंड नाही का तुला? बाईंना सांगता येत नाही?"

तो खाली मान घालून उभा. मग मी मोरीत त्याची चड्डी पिळत बसले आणि मनसोक्त रडले.

शेवटी डॉक्टरांकडे गेलो. म्हातारा, तापट माणूस. त्यांनी मला गप्प बसवलं (बाईला गप्प बसवणं म्हणजे केवढं धाडस!) आणि मिलिंदला समोर घेतलं.

"मधल्या सुट्टीत लघवीला जात नाहीस?"

"मधल्या सुट्टीत बाई शिक्षकांच्या खोलीत बसवतात. डबा संपवायचा, मग शुद्धलेखन. घंटा होईपर्यंत."

"रोज?"

"रोज."

"आणि घंटा झाल्यावर?"

"करंगळी वर करतो."

"मग?"

"बाई म्हणतात, आत्ताच तर सुट्टी झाली. हात खाली."

हे सगळं मीच म्हणत होते. रोज, फळ्याकडे तोंड करून!

डॉक्टर उसळले. "कोण ही कसाईण? तुंबवून ठेवतोय हो पोरगा, तुंबल्यावर सांडणारच! तिचं काय वैर आहे तुमच्या मुलाशी?"

"तसं काही नाही," मी म्हटलं. "जरा कडक आहेत, इतकंच."

मिलिंदने माझ्याकडे पाहिलं. आता हा बोलणार, म्हणून मी पदर आवळला. पण पोरगं बोललं नाही! डॉक्टरांनी खरमरीत चिठ्ठी लिहिली. "उद्या त्या बाईच्या हातात द्या, आणि माझ्यासमोर पाठवा तिला!" मी "देते हं" म्हणून ती पर्समध्ये सारली. लाज नावाची गोष्ट तेव्हा माझ्याकडे अजिबात शिल्लक नव्हती.

जिना उतरताना मिलिंदने माझं बोट धरलं.

"आई, तू बाईंना चिठ्ठी देशील ना?"

"देईन रे राजा."

"बाई तुला रागावल्या तर?"

मी तिथेच पायरीवर बसले, त्याला कुशीत घेतलं आणि म्हटलं, "नाही रागावणार. त्यांचंच चुकलंय." त्याने जरा विचार केला. "त्यांना वाईट वाटेल," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी त्याला मुलांत सोडलं. घंटेनंतर वर्गात जाहीर केलं, "आजपासून ज्याला जायचं असेल त्याने विचारायचं नाही. उठायचं आणि जायचं!" मला वाटलं, एखाददुसरा उठेल. अख्खा वर्ग उठला! पन्नास पोरं आरडाओरडा करत दाराबाहेर, आणि नेमक्या त्याच वेळी मुख्याध्यापिकाबाई दारात.

"बाई, वर्ग कुठंय?"

"लघवीला गेलाय," मी म्हटलं.

"सगळा?"

सगळा नव्हता. शेवटच्या बाकावर मिलिंद बसला होता, हाताची घडी घालून, कोरडा ठणठणीत. (पुढे दिवाळीपर्यंत दोनदा घोटाळा झाला, पण वर्ष काही वाया गेलं नाही.)

"तू रे का नाही गेलास?" मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं.

"मी सुट्टीतच जाऊन आलो." मग तो उठून माझ्यापाशी आला आणि हळूच म्हणाला, "बाई, तुम्हाला जायचं असेल तर तुम्ही पण जा. मी बघतो वर्गाकडे."

खरं सांगते, मला प्रार्थनेपासून जायचं होतं. बारा वर्षांच्या नोकरीत भर तासाला मी कधी जागची हलले नव्हते. त्या दिवशी मुख्याध्यापिकाबाईंना ओलांडून सरळ धावत सुटले. परवानगी विचारायला वेळच नव्हता!