मऊ म्हणजे भरीत

"गोळी कसाले?" गोळी हवीच कशाला, असं म्हणून आबा समोरच्याच्या सुजलेल्या गालाकडे बोट दाखवत. दात काढून आलेल्या माणसाला आमच्या शाळेच्या ऑफिसात मिळणारा हा पहिला दिलासा.

आबा आमचे हेडक्लार्क. तुमच्याही ऑफिसात असा एक जण असेलच, ज्याला दुसऱ्याचं दुखणं कधी खरं वाटत नाही. आबांची स्वतःची एक दाढ तरुणपणी शिरपूरच्या बाजारात, म्हणे इंजेक्शनशिवाय, काढली होती. मी नोकरीला लागलो तेव्हाच्या गोष्टीत ते दाढ काढून चालत बसस्टँडवर गेले होते. दोन वर्षांत ते चालत गावापर्यंत पोचले. पुढे डोक्यावर सरकीचं पोतंही आलं.

हसतो आहे, पण उपकार विसरलेलो नाही. आमच्या घरात कॉलेज शिकलेला मी पहिला. सेवापुस्तक कसं लिहायचं, मुख्याध्यापकांपुढे फाईल कशी ठेवायची, हे आबांनीच शिकवलं. त्यामुळे माझी अक्कलदाढ काढली तेव्हा मी डॉक्टरीणबाईंपेक्षा आबांवर जास्त विश्वास ठेवला. बाईंनी बजावलं होतं, कापूस दाबून धरा, थुंकू नका, बधिरपणा उतरायच्या आत गोळी घ्या. आबा म्हणाले, "खराब रगत पोटमा जाऊ देऊ नको. बठ्ठं थुकी टाक."

मी दिवसभर आज्ञाधारकपणे थुंकलो. गोळीही घेतली नाही. तिसऱ्या दिवशी कळ कानातून थेट डोक्यात शिरली. बाईंनी आ करायला लावला. जखमेवर धरलेली रक्ताची गाठ निघून जाऊन हाड उघडं पडलं होतं.

"थुंकायला कोणी सांगितलं?"

"आमच्या हेडक्लार्कनी."

"मग पुढची दाढ त्यांच्याकडूनच काढून घ्या."

गेल्या हिवाळ्यात आबांचीच दाढ काढावी लागली. दुसऱ्याच दिवशी पारोळ्याकडच्या त्यांच्या शेतात आम्हा सगळ्यांना भरिताचं जेवण होतं. मी फोन करून म्हटलं, "आबा, पुढच्या रविवारी ठेवू."

"कसाले? डाक्टरीननी सांगेल शे, मऊ खावानं. भरीतपेक्षा मऊ काय ऱ्हास?"

मऊ असतं, यात वाद नाही. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी लाकडी बडगीत कुटल्यावर लोण्यासारखी होतात. फक्त त्यांच्याबरोबर हिरव्या मिरच्याही कुटलेल्या असतात, आणि आमच्याकडे त्या मोजून घालत नाहीत.

आबांनी आमच्यादेखत पहिला घास घेतला. जबडा जागच्या जागी थांबला. डोळे भरून आले.

"धूर गया डोयामा," ते म्हणाले. काड्या विझून तासभर झाला होता.

दुसरा घास त्यांनी केवळ आमच्यासाठी घेतला. मग ताटावरून उठले आणि कडब्याच्या गंजीमागे गेले. मी पाण्याचा तांब्या घेऊन मागोमाग गेलो. ते गाल धरून, गुडघ्यांत डोकं घालून डुलत होते. "माय वं, माय वं," एवढंच चाललं होतं. मला पाहून त्यांनी हाताला येईल तो कडबा नीट रचायला घेतला.

तेवढ्यात आबांची बायको, आमच्या काकू, आल्या. पदराची गाठ सोडून त्यांनी डॉक्टरांनी दिलेली गोळ्यांची पुडी काढली. आबांनी माझ्याकडे पाहिलं, पुडीकडे पाहिलं, आणि हात पुढे केला. काकूंनी गोळी दिली नाही.

"मन्ही दाढ काढी तवय अशीच पुडी तुम्ही कपाटमा कुलूप लाई ठेयेल व्हती. याद शे का?"

आबांनी नजर कडब्याकडे वळवली.

"चार दिन रडनू मी. याद शे का?"

"शे," आबा म्हणाले. तोंड उघडत नव्हतं, तरी शब्द स्पष्ट आला.

काकूंनी गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली, माझ्या हातातला तांब्या घेऊन त्यांच्यापुढे धरला आणि त्या पंगतीला वाढायला परत गेल्या.

आबा मे महिन्यात निवृत्त झाले. आता दोघं धुळ्याला मुलीकडे राहतात. ऑफिसात त्यांचा विषय निघाला की लोक अजून सरकीचं पोतं सांगून हसतात. मला दिसतात ते त्या दिवशी गंजीच्या कडेला येऊन कडब्याला टेकून बसलेले आबा. गोळी घेऊन झाली होती, ती लागू पडायला अजून वेळ होता. पंगतीत वाकून वाढणाऱ्या काकूंकडे ते पाहत होते, आणि काकू काही वळून पाहत नव्हत्या.