गोधडीचा शेवटचा कोपरा

कापडाच्या गावात राहून आमच्या घरात गोधडीपुरतं कापड निघू नये, याचा मला तेव्हा भयंकर राग आला होता. राग मला तसाही पटकन येतो, आजही येतो. पण सत्तर सालच्या आसपासचा तो राग अगदी नाकाच्या शेंड्यावर होता.

ताई पहिल्या बाळंतपणाला सुरतेला आली होती. वडील कतारगामला यंत्रमागाच्या कारखान्यात कामाला, आम्ही तिथल्याच एका चाळीत दोन खोल्यांत. ताईला मुलगा झाला. सव्वा महिन्यानं ती जळगावकडे सासरी जायची होती, आणि बाळाबरोबर आजोळची गोधडी द्यायची हे आमच्यात ठरलेलंच. गोधडीला लागतं जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड. मायनं ट्रंक उपसली, तर सगळ्या नायलॉनच्या साड्या! बाजारात नायलॉन आल्यापासून तिला त्यांचं वेडच लागलं होतं. झटकली की वाळली, इस्त्री नको की काही नको. सुती म्हणावं असं वडिलांचं एक विरलेलं धोतर निघालं, तेवढंच.

मी म्हटलं, त्यात काय, वडील कारखान्यातून चिंध्या आणतात त्यांची करू. गुलाबी, मोरपिशी, चकचकीत तुकडे जोडून मी दोन दिवसांत एक छोटी गोधडी शिवूनही काढली. बाळाला वर ठेवलं तर नुसती घसरगुंडी! वर घामानं चिंब होऊन त्यानं असं भोकाड पसरलं की विचारू नका. ताई हसून हसून बेजार झाली. "नायलॉननी गोधडी ऱ्हास का कधी, येडी?" माय म्हणाली. थट्टा करायची असली की ती अहिराणीवर यायची. मी गोधडी कोपऱ्यात भिरकावून दिली.

जुनं सुती कापड चाळीत एकाच घरी होतं, समोरच्या मासीकडे. मासी गुजराती, तरुणपणीच विधवा झालेली, मूलबाळ नाही. नायलॉनची हौस तिनं करायचीच नाही असं लोकांनी परस्पर ठरवून टाकलेलं, म्हणून तिच्या पेटीत सगळे पांढरे सुती साडले, म्हणजे साड्या. सायीसारखे मऊ. ताई तान्ही असताना माय टायफॉइडनं अंथरुणाला खिळली होती, तेव्हा दोन महिने मासीनं ताईला कडेवरून खाली ठेवलं नव्हतं. मी तर अर्धी तिच्याच चुलीपाशी वाढले.

पण बाळाच्या गोधडीत विधवेचं लुगडं घालत नाहीत. हे मासीला आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. मी मागायला गेले तर तिचा चेहरा उतरला. "ना बेटा, मारुं लूगडुं छोकराने न चाले," म्हणाली आणि निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडत बसली. न चालायला काय धाड भरली होती! मी सरळ तिच्या पेटीतून दोन साडले उचलले आणि चालू पडले. ती ना ना म्हणत राहिली, पण तिनं उठून ते काढून घेतले नाहीत.

मायनं साडल्यांवरून हात फिरवला. मग हळूच म्हणाली, "आतल्या थरात घालू. वरून धोतर लावू. विहीणबाईंना कळायला नको."

माझं डोकंच फिरलं. "लपवायचंच असेल तर परत देऊन येते!" म्हणत मी त्या दिवशी जेवलेसुद्धा नाही. तरी शिवायला मीच बसले, कारण मायचे टाके ढोबळ. काठाला माझे गुलाबी तुकडे लावायला तिनं परवानगी दिली, तेवढीच माझी समजूत.

गोधडीचा शेवटचा कोपरा शिवण्याआधी आमच्यात भाकरीचा तुकडा आत घालतात. गोधडीला घास भरवायचा, म्हणजे पांघरणारा कधी उपाशी राहत नाही. तो कोपरा तेवढा राहिला होता. मी तुकडा आणला, तर माय म्हणाली, "ऱ्हाऊ दे." दुसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी मी सुई ओवून बसले, तर हातावर फटका बसला. मला वाटलं, आता मासीचं कापड उसवून काढायचा विचार दिसतोय. मी मायशी बोलणंच टाकलं.

ताईला न्यायला तिची सासू आली. घोडागाडी दाराशी उभी. मासी मात्र आपल्या उंबऱ्याच्या आतच. अशा वेळी ती कधी पुढे यायची नाही. माय गोधडी घेऊन तिच्या दारात गेली आणि सगळ्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "विहीणबाई, आतलं कापड यांचं आहे. माझ्या लेकीला यांनी जगवलं. घासही याच भरवतील."

मी ताईच्या सासूबाईंकडे बघत होते. त्यांनी एकदा मासीकडे पाहिलं, एकदा बाळाकडे. "मग सुई द्या ना त्यांच्या हातात," त्या म्हणाल्या, "गाडी चुकवायची आहे का?"

मायच्या हातातला तुकडा बघून मासी म्हणाली, "आटलो नानो? छोकरो भूख्यो रहेशे!" आणि घरात जाऊन बाजरीचा चतकोर रोटला घेऊन आली. एवढा सगळा तिनं कोंबला, वेडेवाकडे टाके घातले, आणि डोळे पुसत सुई परत दिली. कोपरा टम्म फुगला. मला माय त्या दिवशी जेवढी आवडली तेवढी आधी कधीच आवडली नव्हती. "मासीच्या हातून घास भरवायचा चार दिवस धीरच होत नव्हता गं," ती नंतर म्हणाली. माफी मागणं मला कधी जमलं नाही, मी नुसती तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडले.

महिन्यानं ताईचं पत्र आलं. बाळ तोच फुगीर कोपरा मुठीत धरून झोपतं, सोडवायला गेलं की रडतं. मासीला मी ते गुजरातीत वाचून दाखवलं. तिनं तेवढीच ओळ तीनदा वाचायला लावली. मग मराठीचं अक्षर न येणाऱ्या मासीनं ते पत्र माझ्या हातातून काढून घेतलं आणि पेटीत, मी साडले उचलले होते त्या जागी, जपून ठेवलं.