मामीचं राष्ट्रीय धोरण

देशाच्या आरोग्य खात्याला एकटीच्या बळावर घाम फोडील अशी बाई मी आयुष्यात एकच पाहिली, ती म्हणजे नाशिक रोडची माझी मामी. मामा नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झाले आणि काही वर्षांत त्यांना स्मृतिभ्रंश जडला. दुसरी एखादी नवस बोलली असती, मामीने डॉक्टरांनाच विचारलं, "अशी म्हातारी माणसं देशात वाढतच जाणार. सरकारने पुढचं काय ठरवलंय?" डॉक्टर गोळ्यांबद्दल बोलत राहिले, मामी धोरणाबद्दल.

तेव्हापासून तिच्या तावडीतून कोणी सुटलं नाही. लग्नाच्या पंगतीत नगरसेवक दिसला की ती त्याला आग्रहाने जिलेबी वाढायची आणि त्याचं तोंड भरलेलं असतानाच मागणी मांडायची: सरकारी दवाखान्यात या आजाराची वेगळी ओपीडी हवी, आणि सांभाळणाऱ्यांना मधूनमधून विसावा. एकदा मामा ड्युटीला म्हणून भरदुपारी घराबाहेर पडले, ते संध्याकाळी जेल रोडला सापडले. मामी रडली, तोंड धुतलं आणि तडक रिक्षा स्टँडवर गेली. "दिल्लीचं धोरण येईल तेव्हा येईल, आपल्या कॉलनीचं आजपासून लागू," तिने रिक्षावाल्यांना बजावलं. "हे दिसले की गोड बोलायचं, बसवायचं, घरी आणायचं. रागवायचं नाही." वाणी, दूधवाला, बुद्ध विहारातली मंडळी, सगळ्यांना तिने असंच कामाला लावलं.

पुढे एका आरोग्य शिबिराच्या उद्घाटनाला आरोग्य खात्याचे मोठे साहेब आले. मामांना इस्त्रीचा शर्ट घालून मामी पहिल्या रांगेत बसली आणि भाषण संपताच मागणी घेऊन उभी राहिली. साहेब हसून म्हणाले, "मावशी, वय झालं की विसरायला होणारच."

"वय झालं की मोतीबिंदूही होतो, साहेब. त्याची शिबिरं घेता ना?"

साहेबांचं हसू मावळलं. नंतर ती त्यांच्या कार्यालयात इतक्या वेळा जाऊन बसली की तिथला शिपाई चहा सांगताना तिचाही कप धरू लागला. अखेर दवाखान्यात दर गुरुवारी एक खोली आणि एक डॉक्टर मिळाले. पहिल्याच गुरुवारी बाकं अपुरी पडली. थेट नामपूरहून एक सून सासूला घेऊन आली होती. मामीने सासूला स्वतःची जागा दिली आणि मला म्हणाली, "खोली झाली. आता देश राहिला."

मामांना हल्ली तिची ओळख पटत नाही. परवा मी गेलो तेव्हा ती बशीत चहा ओतून त्यांना पाजत होती. मामा संकोचून म्हणाले, "बाई, तुम्ही रोज माझ्यासाठी एवढं करता. तुमच्या घरी कोणी वाट पाहत असेल."

"असेल की," मामी म्हणाली, "पण आधी तुमचा चहा होऊ दे," आणि तिने बशीवर हलकेच फुंकर घातली.